चित्र आणि यंत्र : शंभर वर्षांची भाऊबंदकी

भाऊबंदकीचे खटले सर्वांत अधिक काळ चालतात, असे जुने वकील सांगत असत. परक्याशी झालेले भांडण एकदा तुटले की तुटले. परंतु ज्यांना एकमेकांवाचून गत्यंतर नाही, त्यांचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही. चित्रपट काढणारे आणि यंत्रे काढणारे यांच्यामधील वाद हा असाच भाऊबंदकीचा वाद आहे. वर्तमानपत्रांत आजकाल या वादाविषयी पुष्कळ छापून येते. यंत्र आता चित्रपट लिहील, यंत्र आता नटांवाचून अभिनय घडवील, अशी चर्चा घरोघर चालते. ही चर्चा ऐकताना आम्हांस वाटले की, हा वाद नवा नाही हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. त्याचा इतिहास नीट अभ्यासला, तर आजच्या कोलाहलात कोणते भय खरे आणि कोणते खोटे, हे ओळखण्याची थोडीफार दृष्टी येते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

एका उदरातील दोन भाऊ

नाटक यंत्रावाचून होते, काव्य यंत्रावाचून होते. चित्रपट मात्र यंत्रावाचून जन्मासच येत नाही. आपल्या देशातील चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकल्यावर त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात पुढील शिक्षण घेतले आणि छायाचित्रण, छपाई, रसायने यांत हात घातला. १९१२ साली ते लंडनला गेले ते नटांच्या शोधात नव्हे, तर कॅमेरा आणि त्यासंबंधीची विद्या आणण्यासाठी. परत आल्यावर भांडवलदाराची खात्री पटविण्यासाठी त्यांनी वेलीचा अंकुर वाढतानाचे चित्र दिवसामागून दिवस थोडे थोडे घेऊन एक लहानसा चित्रपट तयार केला. कच्च्या फितीला भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. मग १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. फाळक्यांच्या घरात कलावंत आणि यंत्रज्ञ हे दोन पुरुष नव्हते. ते एकच होते.

पुढे धंदा वाढला आणि कामे विभागली गेली. यंत्राची मालकी एकाकडे, चित्राची मालकी दुसऱ्याकडे, आणि राबणारे हात तिसऱ्याचे, अशी वाटणी झाली. वाटणी झाली की वाद हा आलाच. तो वाद सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत, कारण तेथे दोन्ही धंदे अवाढव्य वाढले आणि त्यांची भांडणे न्यायालयांच्या दप्तरी नोंदली गेली. म्हणून आपण आता तिकडे वळू.

पहिला झगडा : पेटंटांचा संघ

अमेरिकेत चित्रपटाच्या आरंभी सत्ता यंत्रवाल्यांची होती. थॉमस एडिसन आणि इतर काही कंपन्या यांच्याकडे कॅमेरा व प्रक्षेपक यांची पेटंटे होती. १९०८ च्या डिसेंबरात त्यांनी आपला एक संघ स्थापन केला. कच्ची फीत बनविणारी ईस्टमन कोडॅक कंपनीही त्यांच्याशी करारबद्ध झाली. परिणाम असा झाला की, संघाच्या परवान्यावाचून चित्रपट काढणे कठीण, आणि संघाचे यंत्र असेल तर संघाचेच चित्रपट दाखविण्याची सक्ती. चित्रगृहाच्या मालकाला आठवड्यास दोन डॉलर निव्वळ यंत्र वापरल्याबद्दल मोजावे लागत.

या सक्तीविरुद्ध ज्यांनी बंड केले, त्यांत कार्ल लेमले हा अग्रणी होता. जर्मनीतून पोट भरण्यासाठी आलेला, कापडाच्या दुकानात नोकरी केलेला हा मनुष्य. त्याने १९०९ साली संघाशी संबंध तोडून स्वतःचे चित्रपट काढण्यास आरंभ केला. संघाने त्याच्यावर खटल्यांमागून खटले भरले. तो डगमगला नाही. १९१२ साली त्याने इतर स्वतंत्र निर्मात्यांसह युनिव्हर्सल ही संस्था उभारली. अखेर १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या युनिव्हर्सलच्याच खटल्यात निर्णय दिला की, यंत्राचे पेटंट असणाऱ्याला त्या यंत्रावर कोणता चित्रपट दाखवावा हे ठरविण्याचा अधिकार पोहोचत नाही. यंत्राचा हक्क यंत्रापुरता. त्याच्या आडून चित्रावर मालकी गाजविता येणार नाही.

युनिव्हर्सल हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

बोलपट आला आणि वादक गेले

दुसरा प्रसंग बोलपटाचा. १९२७ च्या ऑक्टोबरात वॉर्नर बंधूंचा 'द जाझ सिंगर' प्रदर्शित झाला. ध्वनीचे यंत्र चित्रपटवाल्यांनी शोधलेले नव्हते. ते टेलिफोनच्या धंद्यातून आले होते. मोठमोठ्या निर्मात्यांनी प्रथम नाके मुरडली आणि वर्षाच्या आत करारांवर सह्या केल्या. चार्ली चॅप्लिनसारखा थोर कलावंत मात्र बराच काळ हट्टाने दूर राहिला. १९३१ चा 'सिटी लाइट्स' त्याने संवादांवाचूनच काढला, आणि तो चित्रपट आजही श्रेष्ठ गणला जातो.

परंतु या प्रसंगी खरी झळ निर्मात्यांना लागली नाही आणि चॅप्लिनलाही लागली नाही. मूकपटाच्या काळी प्रत्येक चांगल्या चित्रगृहात पडद्यासमोर वादक बसत. कोठे एकच पियानोवाला, तर कोठे पुरा वाद्यवृंद असे. बोलपट येताच हे सारे वादक दोन-तीन वर्षांत निरुपयोगी ठरले. त्यांच्या संघटनेने वर्तमानपत्रांतून जाहिराती देऊन, डब्यात भरलेले संगीत नको, जिवंत वादक हवा, असे लोकांना विनविले. लोकांनी जाहिराती वाचल्या आणि बोलपटांच्या तिकिटांसाठी रांगा लावल्या.

आपल्याकडेही हेच घडले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला. पुढील वर्षी प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. मूकपटांच्या तंबूंतून पेटी-तबला वाजविणाऱ्यांची गरज संपली. खुद्द दादासाहेब फाळके यांना या नव्या युगात स्थान उरले नाही. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेल्या 'गंगावतरण'नंतर त्यांनी पुन्हा चित्रपट काढला नाही. ज्याने यंत्र या देशात रुजविले, त्यालाच पुढच्या यंत्राने मागे टाकले. इतिहासात फाळक्यांचे नाव तरी राहिले. त्या पेटीवाल्यांची नावे शोधू गेले तरी सापडणे कठीण.

बीटामॅक्सचा खटला

आता या कथेतील सर्वांत बोधप्रद प्रकरणाकडे वळू. १९५० नंतर दूरचित्रवाणीने चित्रगृहांचे प्रेक्षक पळविले, तेव्हा हॉलिवुडने १९५३ पासून सिनेमास्कोपसारखे रुंद पडदे आणले. पण लवकरच निर्मात्यांनी दूरचित्रवाणीलाच चित्रपट व मालिका विकून तिच्याशी संधी केला. त्या संधीचा पाया असा की, कार्यक्रम केव्हा दाखवायचा हे दाखविणाऱ्याने ठरवावे आणि पाहणाऱ्याने त्या वेळी यंत्रासमोर बसावे. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स नावाचे यंत्र बाजारात आणून हा पायाच हलविला. कार्यक्रम चालू असताना तो फितीवर उतरवून घ्यावा आणि सवडीने पाहावा, अशी त्याची योजना होती. सोनीचे अकिओ मोरिता यास 'वेळ सरकविणे' म्हणत.

११ नोव्हेंबर १९७६ रोजी युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन संस्थांनी लॉस एंजलिसच्या न्यायालयात सोनीविरुद्ध दावा लावला. ज्या युनिव्हर्सलने यंत्रवाल्यांच्या जुलमाविरुद्ध लढून आपले अस्तित्व कमावले, तीच आता न्यायालयाकडे यंत्र आवरण्याची मागणी करीत होती. तिचे म्हणणे थोडक्यात असे : चित्रपटाचा स्वामित्वहक्क आमचा; घरी उतरविलेली प्रत ही आमच्या परवानगीवाचून केलेली नक्कल; आणि अशी नक्कल करण्याचे साधन विकणारी सोनी ही त्या अपराधात भागीदार.

हे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नव्हे. चोरीसाठीच घडविलेली किल्ली विकणाऱ्यास आपण निर्दोष मानीत नाही. प्रश्न असा होता की, बीटामॅक्स ही अशी किल्ली आहे, की घरोघर लागणारी विळी आहे? विळीने भाजी चिरली जाते, बोटही कापले जाते. म्हणून कोणी लोहाराला कैदेत टाकीत नाही.

खटला सात वर्षांहून अधिक काळ चालला. १९७९ साली खालच्या न्यायालयाने सोनीच्या बाजूने निकाल दिला. १९८१ साली वरच्या न्यायालयाने तो फिरविला. १९८२ साली चित्रपटनिर्मात्यांच्या संघटनेचे अध्यक्ष जॅक व्हॅलेंटी यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना या यंत्राची तुलना घरी एकट्या असणाऱ्या स्त्रीवर हल्ला करणाऱ्या एका कुप्रसिद्ध खुन्याशी केली. उलट बाजूस, लहान मुलांसाठी कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांनी न्यायालयात सांगितले की, कुटुंबांनी आपला कार्यक्रम उतरवून सोयीच्या वेळी पाहिला तर आपली काही हरकत नाही. म्हणजे सारे निर्मातेही एका मताचे नव्हते.

१७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी सोनीला निर्दोष ठरविले. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिले. त्यातील दोन तत्त्वे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, घरच्या घरी, नफ्याच्या हेतूवाचून, केवळ वेळ सरकविण्यासाठी उतरविलेली प्रत हा योग्य वापर होय. दुसरे, ज्या साधनाचे निर्दोष उपयोग पुरेसे आहेत, ते विकणाऱ्यास इतरांच्या गैरवापराबद्दल जबाबदार धरता येणार नाही. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविताना बजावले की, घरच्या प्रतींमुळे निर्मात्याच्या भावी बाजारपेठेस धोका पोहोचतो. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर हे यंत्र त्या देशातील घरांत राहिले असते की नाही, कोणास ठाऊक!

जिंकले कोण?

निकाल लागला तेव्हा सोनी जिंकली आणि चित्रपटवाले हरले असे सर्वांस वाटले. पुढील इतिहास पाहिला म्हणजे हसू येते. त्याच दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकन चित्रपटांना कॅसेटींच्या विक्रीतून व भाड्यातून मिळणारे उत्पन्न त्या देशातील चित्रगृहांच्या तिकिटांपेक्षा अधिक झाले. ज्याला खुनी म्हटले, तोच अन्नदाता ठरला. आणि विजयी सोनीचे काय? तिच्या बीटामॅक्सला जेव्हीसी कंपनीच्या व्हीएचएस पद्धतीने बाजारात मागे टाकले. १९८८ साली सोनीलाही प्रतिस्पर्ध्याच्या पद्धतीची यंत्रे विकण्याची तयारी करावी लागली. १९८९ साली तिने कोलंबिया पिक्चर्स ही चित्रपटसंस्था विकत घेतली, आणि यंत्रवाली सोनी स्वतःच चित्रपटवाली झाली. स्वामित्वहक्काचे रक्षण आता तिच्याही हिताचे झाले.

यावरून एक गोष्ट दिसते. या वादात तत्त्वाचा झेंडा प्रत्येकाच्या हाती असतो. पण तो बहुधा खुर्चीला बांधलेला असतो. खुर्ची बदलली की झेंडा बदलतो. १९१७ ची युनिव्हर्सल आणि १९७६ ची युनिव्हर्सल, १९८४ ची सोनी आणि १९८९ ची सोनी, यांच्या नावांत फरक नाही. फरक आहे तो स्थानात.

म्हणून चित्रपटवाल्यांचे प्रत्येक भय खोटे, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावीळपणाचे होईल. आपल्या देशातही व्हिडिओ येताच चोरट्या प्रतींचा सुळसुळाट झाला आणि १९८४ साली स्वामित्वहक्काचा कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवावी लागली. इंटरनेटच्या युगात तर एका प्रतीच्या लक्षावधी प्रती क्षणात होऊ लागल्या. तेव्हा २००५ साली ग्रॉक्स्टर खटल्यात अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, चोरीस उत्तेजन देण्याच्या हेतूने जो साधन पुरवितो, तो सुटणार नाही. विळीवाला वेगळा आणि किल्लीवाला वेगळा. उलट २०१२ च्या जानेवारीत चित्रपटवाल्यांच्या आग्रहाने पुढे आलेली चोरीविरोधी विधेयके इतकी कठोर होती की, विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीने एक दिवस आपली पाने बंद ठेवून निषेध केला, आणि ती विधेयके बाजूस ठेवावी लागली. दोन्ही पारडी सांभाळणे किती कठीण आहे, हे या दोन घटनांवरून कळते.

वाट्याचा प्रश्न

येथवर आपण दोन मालकांचे भांडण पाहिले. पण त्या पेटीवाल्यांचे काय? आमच्या मते या इतिहासाचा गाभा येथे आहे. नवे यंत्र आल्याने चित्रपटाचा धंदा आजवर बुडाला नाही. तो प्रत्येक वेळी वाढलाच. बुडाले ते त्या धंद्यातील काही माणसांचे संसार, आणि वाचले ते ज्यांनी वेळीच संघटित होऊन आपला वाटा मागितला त्यांचे.

१९६० साली हॉलिवुडमधील लेखक आणि नट यांनी एकाच काळात संप केला. मागणी अशी होती की, आम्ही ज्या चित्रपटांत काम केले ते दूरचित्रवाणीस विकून निर्माते पुन्हा पैसा मिळवितात, त्यांतील अंश आम्हांसही मिळावा. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष त्या वेळी रोनाल्ड रेगन होते. तेच पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. संपामुळे पुनःप्रदर्शनाच्या मोबदल्याचे तत्त्व मान्य झाले आणि निवृत्तिवेतनाच्या निधीची सोय झाली. मात्र १९४८ ते १९६० या काळातील चित्रपटांवरील हक्क तडजोडीत सोडावा लागला, आणि त्या चित्रपटांतील नट आयुष्यभर आपलीच चित्रे फुकट पाहत राहिले.

आपल्या देशात हाच न्याय बऱ्याच उशिरा झाला. गीतकार आणि संगीतकार एकदा पैसे घेऊन मोकळे होत, आणि गाणे पुढे रेडिओवर, कॅसेटीवर, दूरध्वनीवर वाजत राही. २०१२ च्या कायदादुरुस्तीने असे ठरविले की, चित्रगृहातील प्रदर्शनाव्यतिरिक्त गीताचा जो वापर होईल, त्याच्या मोबदल्यातील समान वाटा गीतकार-संगीतकारांचा राहील आणि तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही.

आजचे यंत्र

आता आपण आपल्या काळास येऊन पोहोचलो. आजवरची यंत्रे चित्र टिपीत, दाखवीत किंवा नकलीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नवे यंत्र हजारो-लाखो जुनी चित्रे व लेख पचवून त्यांच्या धर्तीवर नवे चित्र, नवा संवाद रचते. २ मे २०२३ रोजी हॉलिवुडचे लेखक संपावर गेले. १४ जुलैपासून नट त्यांना मिळाले. १९६० नंतर हे दोन वर्ग एकदम संपावर जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. लेखकांचा संप १४८ दिवस, तर नटांचा ११८ दिवस चालला. करारात ठरले की, यंत्राला लेखक मानले जाणार नाही, लेखकावर ते वापरण्याची सक्ती होणार नाही, आणि नटाची यांत्रिक प्रतिकृती त्याच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून वापरता येणार नाही. यंत्रावर बंदी त्यांनी मागितली नाही. आपला शब्द आणि आपला वाटा मागितला. १९२७ च्या वादकांना जे साधले नाही, ते यांना काही अंशी साधले.

आणि २०२५ च्या जूनमध्ये शब्दांवरून चित्रे रचणाऱ्या मिडजर्नी या कंपनीविरुद्ध लॉस एंजलिसच्या न्यायालयात एक दावा दाखल झाला. आमची पात्रे व चित्रे परवानगीवाचून वापरून हे यंत्र घडविले, अशी त्यात तक्रार होती. वादी दोन होते : डिस्ने आणि युनिव्हर्सल. शहर तेच, वादी तेच. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेलेली.

उपसंहार

नव्या यंत्राविषयी वाद निघेल, तेव्हा आपण तीन प्रश्न क्रमाने विचारावेत, असे आम्ही सुचवितो. यंत्र कोणाचे? चित्र कोणाचे? आणि घाम कोणाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्यास मोठे वकील उभे राहतात. तिसरा प्रश्न कोणीतरी मुद्दाम विचारावा लागतो. विळी आणि किल्ली यांतील भेद ओळखणारा कायदा हवा, हे खरे. पण त्याबरोबर पडद्यासमोरच्या अंधारात पेटी वाजविणाऱ्याची आठवण ठेवणारा समाजही हवा.

उद्या आपल्यापैकी कोणी यंत्रज्ञ होईल, कोणी लेखक, कोणी नट, कोणी वकील. फाळक्यांच्या घरी हे सारे एकाच छपराखाली नांदत होते. पुढच्या पिढीने ही भाऊबंदकी अगदी मिटवावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु वाटणी करावयास बसताना आईच्या वाट्याचे ताट मांडावयास विसरू नये, एवढीच अपेक्षा.